फोड नसलेला फोडांचा आजार

सोलापूरच्या पूर्व भागात माझं मेडिकलचं दुकान आहे. दिवसभरात जितकी माणसं डोकं दुखतंय म्हणून येतात, जवळपास तितकीच अंग खाजतंय म्हणून येतात. एप्रिल-मे महिन्यांत तर विचारू नका. पारा ४२च्या पुढं गेलेला असतो आणि माणसं पत्र्याच्या शेडमध्ये मागावर दिवसभर उभी असतात. घामोळं, गजकर्ण, खरूज, सगळं मी रोज बघतो. बघून बघून माझी अशी समजूत झाली होती की खाजेतलं मला कळतं. ही समजूत महागात पडली, आणि तिची किंमत दुसऱ्याच माणसानं मोजली. म्हणून हे लिहितोय.

आमच्या मागच्या गल्लीत एक अण्णा राहतात. वय ७२. चाळीस वर्षं त्यांनी चादरी विणल्या. जानेवारीतली आमची गड्ड्याची जत्रा संपून आठवडा झाला असेल, तेव्हा ते काउंटरवर आले. ‘मालक, अंग लई खाजायलंय. कायतरी द्या.’ मी बाही वर करायला सांगितली. दंडावर लालसर चट्टे, त्यावर नखांचे ओरखडे, कुठं कुठं वाळलेलं रक्त. पोटावर आणि मांड्यांवरही तसंच. मी खाजेची गोळी दिली आणि थंडीनं कातडी कोरडी पडते म्हणून खोबरेल लावायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी ते परत आले. मी खरजेचं औषध दिलं. घरातल्या सगळ्यांनी लावा, चादरी गरम पाण्यात धुवा, हेही बजावून सांगितलं. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, घरातली एकूण एक चादर उकळून काढली. खाज तशीच राहिली. मग मी एक मलम दिलं. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड असं तिन्ही एकात असलेलं. चिठ्ठीशिवाय हे द्यायचं नसतं हे मला माहीत होतं, तरी दिलं. चार दिवस बरं वाटलं आणि मग खाज दुप्पट वाढली.

तोवर गल्लीतल्या प्रत्येकानं आपापलं निदान करून टाकलं होतं. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं सुताची धूळ अंगात मुरली. शेंगाचटणी बंद झाली, वांगं बंद झालं, दही बंद झालं. एका दवाखान्यात रक्त तपासलं तर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या, म्हणून जंताचं औषध झालं. एक ढळढळीत गोष्ट मात्र कुणीच ध्यानात घेतली नाही, मीही नाही. घरात सहा माणसं, एकाच खोलीत झोपणारी. खरूज असती तर नातवंडं आधी खाजवत बसली असती. सहा जणांत खाजत होतं ते फक्त अण्णांना.

आषाढात त्यांना एका त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी अंगभर बघितलं, तोंड उघडायला लावून आतून बघितलं आणि दोनच प्रश्न विचारले. खाज कधीपासून आहे? शुगरची गोळी कोणती चालू आहे? मग म्हणाले, हा बुलस पेम्फिगॉइड असू शकतो, तपासावं लागेल.

मी दुकानात येऊन पुस्तक उघडलं. त्यात जे चित्र होतं त्यात म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर लिंबाएवढे टणक फोड होते, पाण्यानं टम्म भरलेले. अण्णांच्या अंगावर एकही फोड नव्हता.

इथं या आजाराच्या नावाकडे जरा बघू, कारण घोळाची सुरुवात नावापासूनच होते. पेम्फिक्स हा ग्रीक शब्द, अर्थ फोड. त्यावरून पेम्फिगस हे एका जुन्या, घातक आजाराचं नाव पडलं. पेम्फिगॉइड म्हणजे पेम्फिगससारखा दिसणारा. बुलस म्हणजे पुन्हा फोडांचाच. एकाच नावात फोड दोनदा आलाय. १९५३ साली अमेरिकेत वॉल्टर लीव्हर या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून दाखवून दिलं की हे दोन वेगळे आजार आहेत. तेव्हा त्यांच्यासमोर फोडांचेच रुग्ण होते, त्यामुळं नाव तसं पडलं आणि टिकलं. ज्या रुग्णाला फोडच नाहीत त्याच्या बाबतीत हे नावच डॉक्टरांची वाट चुकवतं. अभ्यासांत मात्र असं दिसतं की निदानाच्या वेळी पाचातल्या साधारण एका रुग्णाच्या अंगावर फोड नसतो. फक्त खाज असते, किंवा खाज आणि चट्टे. काहींना आठवड्यांनी, महिन्यांनी फोड येतात. काहींना कधीच येत नाहीत.

आता आत नेमकं काय घडतं ते सांगतो. मला ते समजलं ते अक्कांनी शिवलेल्या वाकळीवरून.

कातडी म्हणजे दोन पदरांची वाकळ समजा. वरचा पदर पातळ, तो बाह्यत्वचा. खालचा जाड, ती अंतस्त्वचा. वाकळीचे पदर एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून बाई बारीक धावदोरा घालते, ओळीनं, बोटभर अंतरावर. कातडीतही दोन पदरांच्या मधोमध असेच सूक्ष्म टाके असतात, लाखोंनी. त्या टाक्यांच्या दोऱ्यात दोन प्रथिनं महत्त्वाची, बीपी १८० आणि बीपी २३०. इथल्या बीपीचा रक्तदाबाशी काही संबंध नाही, ती आजाराच्या नावाची आद्याक्षरं आहेत. यातलं बीपी १८० वरच्या पदराच्या तळातल्या पेशीतून निघून खालच्या पदरापर्यंत आरपार जातं. सुई जशी दोन्ही पदरांतून जाते तसंच.

आपली रोगप्रतिकारशक्ती जंतूंना ओळखून त्यांच्यावर अँटिबॉडी सोडते. अँटिबॉडी म्हणजे एक खूण समजा, ‘हा शत्रू आहे, याला मारा’ अशी. या आजारात शरीराची ओळख चुकते आणि ती खूण स्वतःच्याच टाक्यांवर लागते. खूण दिसली की मारेकरी पेशी धावून येतात. त्यांत इओसिनोफिल पुढं असतात, अण्णांच्या रक्तात वाढलेल्या होत्या त्याच. जंत आणि अ‍ॅलर्जीतही त्या वाढतात, म्हणून जंताचं औषध देणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. या पेशी टाक्यांपाशी येऊन सूज आणणारी, खाज आणणारी रसायनं आणि टाके कुरतडणारे पाचकरस सोडतात. टाके पुरेसे तुटले की दोन पदर सुटे होतात, मधल्या फटीत पाणी भरतं आणि फोड उभा राहतो. त्या फोडाचं छप्पर म्हणजे अख्खा वरचा पदर, म्हणून तो टणक असतो, लवकर फुटत नाही.

पेम्फिगसमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथं दोन पदरांमधले टाके शाबूत असतात, पण वरच्या पदराचीच वीण उसवते. म्हणून त्याचे फोड लुळे असतात, हात लागला की फुटतात आणि मागं ओल्या जखमा राहतात. बऱ्याचदा तो तोंडाच्या आतून सुरू होतो, म्हणून डॉक्टरांनी अण्णांचं तोंड आतून बघितलं होतं. आपल्याकडे भारतात पेम्फिगस जास्त दिसतो, पेम्फिगॉइड कमी.

मग फोड येत नाहीत ते का? खूण लागली, पेशी आल्या, सूज आली, खाज आली, पण वाकळ सुटी व्हावी इतके टाके तुटले नाहीत, असं साधारण मानलं जातं. खाज यायला टाके तुटावे लागत नाहीत, पेशी गोळा झाल्या तरी पुरे असतं. त्यामुळं फोड नाहीत म्हणजे आजार सौम्य, असं कुणी समजू नये. सात महिने रात्री दोन तासांच्या वर झोप न लागलेला माणूस मी बघितलाय. अण्णा पहाटे तीनला उठून ओल्या टॉवेलनं अंग पुसत बसायचे. नखांनी समाधान होईना म्हणून पाठ भिंतीला घासायचे. त्या भिंतीचा चुना एका जागी घासून गेला होता, ती जागा अक्कांनी मला दाखवली.

शुगरच्या गोळीचा प्रश्न डॉक्टरांनी विचारला त्याचं कारण ग्लिप्टिन. हा मधुमेहाच्या औषधांचा एक गट आहे. व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, शेवट ग्लिप्टिननं होणारी नावं. औषधं चांगली आहेत. साखर फार खाली नेत नाहीत, वजन वाढवत नाहीत. भारतात २०१९च्या डिसेंबरात व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट संपलं, २०२२च्या जुलैत सिटाग्लिप्टिनचं. अनेक कंपन्या उतरल्या, किंमत धडाधड खाली आली आणि जी गोळी आधी हातावर मोजण्याइतके गिऱ्हाईक घ्यायचे ती मी आता रोज विकतो. या गोळ्या घेणाऱ्यांत बुलस पेम्फिगॉइड होण्याचा धोका इतरांच्या मानानं वाढतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलंय, आणि व्हिल्डाग्लिप्टिनच्या बाबतीत ते जास्त ठळक आहे. गोळी सुरू केल्याकेल्या हे होत नाही. काही महिन्यांनी, कधी वर्षानंतर होतं, म्हणून कुणाच्या डोक्यात गोळी आणि खाज यांची सांगड बसत नाही. अण्णांची व्हिल्डाग्लिप्टिन आदल्या वर्षीच्या गणपतीत सुरू झाली होती. दर महिन्याला ती पट्टी मीच त्यांच्या पिशवीत टाकत होतो, आणि त्याच पिशवीत खाजेची गोळीही.

हे वाचून कुणी आपली गोळी बंद करू नका. मूळ आजारच विरळा आहे, त्यामुळं धोका वाढला तरी ग्लिप्टिन घेणाऱ्या बहुतेकांना काहीही होत नाही. साखर मोकाट सुटली तर होणारं नुकसान मात्र ठरलेलं असतं. गोळी बदलायची असेल तर ते काम डॉक्टरांचं, आणि बदली औषध हातात आल्यावरच.

तपासणीची गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी, कारण आमचा एक महिना तिथं वाया गेला. अण्णांच्या कातडीचा तुकडा आधीच एकदा एका रुग्णालयात काढला गेला होता. तो फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडे टिकवायच्या नेहमीच्या द्रावणात, घालून पाठवला. रिपोर्ट आला की सूज आहे, इओसिनोफिल आहेत, अ‍ॅलर्जी किंवा औषधाची रिअ‍ॅक्शन असावी. फोड नसलेल्या पेम्फिगॉइडमध्ये साध्या बायोप्सीत बऱ्याचदा एवढंच दिसतं. त्यामुळं निदान झालं नाही, आणि त्या तुकड्याचा पुढं उपयोगही होईना. कारण या आजाराची खरी तपासणी वेगळी असते आणि फॉर्मेलिनमध्ये पडलेला तुकडा तिला चालत नाही.

तिचं नाव डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स. नाव अवघड आहे, पण काम सरळ आहे. चुकून लागलेल्या खुणा शोधायच्या. चमकणारा रंग जोडलेलं एक द्रावण कातडीच्या पातळ कापावर सोडतात. अँटिबॉडी जिथं चिकटलेली असेल तिथं ते जाऊन बसतं. खास दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की दोन पदरांच्या सीमेवर हिरवी रेघ चमकते, सलग, साडीच्या काठासारखी. १९६७ साली अमेरिकेतल्या बफेलो इथं जॉर्डन आणि ब्यूटनर यांच्या गटानं या आजारातल्या अँटिबॉडी अशा प्रकाशात पहिल्यांदा दाखवल्या. तोवर हा स्वतःवरच उलटलेला आजार आहे याचा पुरावा नव्हता.

यासाठी तुकडा स्वतंत्र काढावा लागतो. फोड असेल तर फोडाच्या कडेची कातडी घेतात, फोडातली नाही. तो मिशेल नावाच्या द्रावणात ठेवायचा, त्यात अँटिबॉडी टिकून राहतात. ते नसेल तर साध्या सलाईनमध्येही चालतो, पण मग २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. डॉक्टरांकडचं मिशेल संपलं होतं. अण्णांचा थोरला मुलगा ती बोटभर बाटली रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात घेऊन सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेला. दुपारच्या आत प्रयोगशाळेत देऊन संध्याकाळी परत. सहा दिवसांनी रिपोर्ट आला. सीमेवर सलग रेघ, आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) आणि सी थ्री (अँटिबॉडीच्या मदतीला येणारं रक्तातलं प्रथिन) दोन्हींची. फोड नसताना निदान झालं ते या रेघेवरून.

याच्या जोडीला रक्ताचीही तपासणी असते. मिठाच्या पाण्यात ठेवून दोन पदर मुद्दाम सुटे केलेल्या कातडीवर रुग्णाच्या रक्तातला द्रव सोडतात आणि अँटिबॉडी वरच्या पदराला चिकटते का ते बघतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या डॉक्टरांनी २०१९ साली हजाराहून जास्त रुग्णांच्या तपासण्या पडताळून सुचवलं की तीन गोष्टींपैकी दोन असल्या तर निदान करावं. एक लक्षण, दुसरी कातडीतली रेघ, तिसरी ही रक्ताची तपासणी. यातल्या लक्षणात त्यांनी खाज किंवा फोड असं म्हटलंय. नुसती खाजही धरली जाते. नाव ठेवताना जे राहून गेलं होतं ते इथं दुरुस्त झालं, असं मला वाटतं.

उपचाराबद्दल माझ्या धंद्याशी जोडलेली एक गोष्ट सांगतो. क्लोबेटॅसॉल हे फार तीव्र स्टिरॉइड मलम. गजकर्णावर लोक ते आपल्या मनानं लावतात आणि आजार चिघळवून घेतात, म्हणून मी ते चिठ्ठीशिवाय न देण्याची शपथ आता पाळतो. अण्णांच्या चिठ्ठीवर नेमकं तेच होतं, आणि तेही मानेखाली अंगभर, रोज एक अख्खी ट्यूब. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं, चूक तर नाही? त्यांनी शांतपणे समजावलं. फ्रान्समध्ये ३४१ रुग्णांवर झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. आजार जास्त पसरलेल्यांत वर्षभरानं अंगभर मलम लावणाऱ्यांपैकी ७६ टक्के जिवंत होते, स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ५८ टक्के. हे आकडे वाचून मी हबकलो. खाजेच्या आजारात माणसं मरतात? मरतात, कारण रुग्ण मुळात म्हातारे, कातडी उघडी पडली की जंतू शिरतात, आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांचा मोठा डोस त्या वयाला झेपत नाही. मधुमेह्याला तर साखरेचा वेगळाच त्रास. मलमही अंगात थोडं शिरतंच, म्हणून अण्णांची साखर दर आठवड्याला बघायची ठरली.

दुसरा मार्ग डॉक्सिसायक्लिनचा, म्हणजे एका साध्या अँटिबायोटिकचा. ते इथं जंतूंसाठी नाही, सूज कमी करण्यासाठी देतात. २०१७ साली ब्रिटन आणि जर्मनीतला अभ्यास आला, त्यात ते स्टिरॉइडच्या गोळ्यांपेक्षा थोडं कमी गुणकारी पण बरंच सुरक्षित ठरलं. डॅप्सोन, मेथोट्रेक्सेट, अ‍ॅझाथायोप्रिन ही औषधंही गरजेप्रमाणे वापरतात. खाजेचा मार्गच अडवणारं ड्युपिल्युमॅब हे इंजेक्शन २०२५ साली अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालं, पण ते आमच्या भागातल्या माणसाच्या खिशाला परवडणारं नाही.

अंगभर मलम लावणं हे ऐकायला सोपं, करायला कठीण. अण्णांचा हात पाठीपर्यंत पोचत नव्हता. अक्कांच्या बोटांना विड्या वळून वळून घट्टे पडलेत, त्या बोटांनी त्या रोज रात्री अर्धा तास पाठ, कंबर, पाय माखायच्या. डॉक्टरांनी त्यांना हातमोजे घालायला सांगितलं होतं, कारण ते औषध त्यांच्या बोटांना नको होतं. मोजे मी दिले. व्हिल्डाग्लिप्टिन बंद होऊन दुसरी गोळी आली. दहाव्या दिवशी अण्णा दुकानात आले आणि काही न घेता बाकड्यावर बसले. म्हणाले, ‘मालक, काल सहा तास झोपलो.’

खाजणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला हा आजार असतो असं मुळीच नाही. सगळ्यात जास्त असते ती कोरडी कातडी. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांच्या बिघाडातही अंग खाजतं. पण सत्तरीच्या आसपासचा माणूस, दोन महिने उलटले तरी न हटणारी खाज, घरात दुसऱ्या कुणाला नाही, खरजेचं औषध करून झालं, झोप उडालीय, असं चित्र दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांसमोर हे नाव उच्चारायला हरकत नाही. लकवा होऊन गेलेल्या, पार्किन्सन किंवा विसरभोळेपणाचा आजार असलेल्या माणसांत तर जास्तच, कारण त्यांच्यात हा जास्त आढळतो. बीपी २३०चंच एक भावंड मेंदूच्या पेशींत असतं, त्यामुळं मेंदूला इजा झाली की प्रतिकारशक्तीची ओळख बिघडत असावी, असा तर्क आहे. अशी माणसं खाजतंय हेही नीट सांगू शकत नाहीत. त्यांच्या अंगावरचे ओरखडे घरच्यांनीच बघावे लागतात. तपासणीसाठी खासगीचा खर्च झेपत नसेल तर सिव्हिलचा त्वचारोग विभाग आहे. तुकडा काढायच्या आधी एवढंच विचारा की एक बाटली फॉर्मेलिनची आहे, दुसरी कोणती?

अण्णांचं मलम आता आठवड्यातून दोनदा आहे. मध्ये दिवाळीत त्यांनी तीन आठवडे ते विसरून सोडलं, तर कमरेवर पुन्हा चट्टे आले आणि डॉक्टरांनी परत रोजचं केलं. फोड आजवर एकही आला नाही. शेंगाचटणी सुरू झालीय. परवा नातवाबरोबर चिठ्ठी पाठवली होती, एक ट्यूब आणि हातमोज्यांचा जोड.